सिनियर इंजिनियरच्या पुढची बढती : सोलापुरातून काम करताना नेमके काय कमी पडते?

जुळे सोलापूर यांचा प्रश्न (इथे सर्वांनी सोलापुरातील भागांची नावे टोपणनावे म्हणून घेतली आहेत) :

नमस्कार. मी एका मोठ्या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत सिनियर इंजिनियर असून एकूण अकरा वर्षांच्या नोकरीतील शेवटची साडेचार वर्षे याच पदावर काढली आहेत. शिक्षण सोलापुरातच झाले, त्यानंतर पुणे आणि हैदराबाद अशा नोकऱ्या झाल्या, आणि 2020 च्या टाळेबंदीत घरी आलो तो परत गेलो नाही. वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. त्यामुळे घरून काम करण्याची लेखी परवानगी मी कंपनीकडून घेतलेली आहे. टीमचे निम्मे लोक हैदराबादला व निम्मे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहेत.

माझी अडचण अशी की स्टाफ इंजिनियरच्या, म्हणजे सिनियरच्या वरच्या, पदासाठी माझे नाव लागोपाठ दोन वर्षे पुढे गेले आणि दोन्ही वेळा परत आले. पहिल्या वेळी 'प्रभाव एका टीमपुरता मर्यादित आहे' असा शेरा मिळाला, दुसऱ्या वेळी 'पुढच्या पातळीचे काम सातत्याने दिसत नाही' असा. या शेऱ्यांचा अर्थ मॅनेजरना विचारला, तेव्हा 'अजून थोडे मोठे काही तरी करा' एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक याच काळात आमच्या मुख्य सेवेचा प्रतिसादाला लागणारा वेळ मी 900 मिलिसेकंदांवरून 220 वर आणला, दोन नव्या मुलांना हाताशी धरून तयार केले, आणि डिसेंबरच्या गर्दीत सलग तीन रात्री जागून यंत्रणा उभी ठेवली. टीममध्ये माझ्याइतका कोड कोणीही लिहीत नाही. तरीही हैदराबादला बसणारा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी कमी अनुभव असलेला सहकारी यंदा स्टाफ झाला. तो हुशार आहे यात शंका नाही, पण त्याने यंदा लिहिलेला कोड माझ्या निम्म्यानेही नसेल.

मी सोलापुरात बसलो आहे म्हणून हे होत आहे का? कंपनी बदलावी का? की माझ्याच कामात असे काही कमी आहे, जे मला कोणी स्पष्ट सांगत नाही? ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे किंवा ज्यांनी असे निर्णय घेतले आहेत, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

विजापूर वेस यांचे उत्तर :

मी पुण्यात अशाच एका मोठ्या कंपनीत सहा वर्षे बढतीच्या समितीवर बसलो. टेबलाच्या पलीकडून हे कसे दिसते ते आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातील बरीचशी कडवटपणाची जागा तिथे आहे.

समितीतील बहुतेकांनी तुम्हाला कधी पाहिलेले नसते. त्यांच्यासमोर तुमच्या मॅनेजरने लिहिलेली चारपाच पानांची कागदपत्रे, सहकाऱ्यांचे अभिप्राय, आणि तुमच्या वाट्याची दहापंधरा मिनिटे असतात. त्या दहा मिनिटांत 'याने किती काम केले' हा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. सिनियर माणूस भरपूर आणि चोख काम करतो हे गृहीतच असते, किंबहुना त्यासाठीच त्याला ते पद दिलेले असते. जे प्रश्न हमखास यायचे ते वेगळे होते. ही समस्या कोणी शोधली, याने की याला आणून दिली? उत्तर आधीच ठरलेले होते, की दोनतीन मार्गांतून एक निवडावा लागला? याच्या निर्णयामुळे याच्या टीमबाहेरच्या किती लोकांनी आपले काम बदलले? आणि शेवटचा, सर्वांत अवघड : हा माणूस नसता तर काय झाले असते?

आता तुमचे वाक्य त्या चौकटीत ठेवून पाहा. '900 वरून 220' हे वाचून समितीतील माणूस म्हणेल, 'उत्तम सिनियर इंजिनियर आहे.' तुमची स्तुतीच तुमच्या विरुद्ध जाते ती अशी. तीन रात्रींच्या जागरणाबद्दल तर एखादा खवचट सभासद असेही विचारेल की ती वेळ यंत्रणेवर का आली आणि ती पुन्हा येऊ नये म्हणून नंतर काय केले. मी स्वतः असे विचारलेले आहे, आणि त्या वेळी समोरच्या मॅनेजरकडे उत्तर नव्हते.

दुसरे म्हणजे, पायरीची उंची सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे मित्रांशी तुलना करून रक्त आटवू नये. गूगलमध्ये एल-5 म्हणजे सिनियर आणि एल-6 म्हणजे स्टाफ, मेटामध्ये ई-5 आणि ई-6. ॲमेझॉनमध्ये मात्र सिनियरची पातळी 6 आणि त्याच्या वर थेट प्रिन्सिपल, पातळी 7. मधले स्टाफ हे पदच नसल्याने ती उडी फार मोठी मानली जाते. मायक्रोसॉफ्टमध्ये सिनियर 63 व 64 या दोन पातळ्यांवर असतो आणि 65 पासून प्रिन्सिपल सुरू होतो, त्यामुळे तिथे एकाच हुद्द्याच्या आतही एक पायरी चढता येते. सिनियरपर्यंतची वाट बहुतेक ठिकाणी अपेक्षित धरलेली असते, म्हणजे तुम्ही वाढत राहावे असे कंपनीच म्हणते. सिनियरला मात्र कंपनी 'पुढे चला' असे म्हणत नाही. तिथून निवृत्तीपर्यंत राहिलात तरी कोणी बोट दाखवत नाही. म्हणूनच साडेचार वर्षे झाली या गोष्टीला समितीत शून्य किंमत असते, हे कटू असले तरी खरे आहे.

तुमच्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट सापडली नाही, ती विचारतो. ते 900 मिलिसेकंद कशामुळे लागत होते, आणि तोच दोष इतर टीमच्या सेवांमध्ये होता का?

अशोक चौक यांचे उत्तर :

मीही सोलापुरातूनच काम करते आणि दुसऱ्या प्रयत्नात स्टाफ झाले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे नाव पहिल्यांदा परत आले तेव्हा कारण तुमच्या अगदी उलट होते. टीमच्या बैठका मी चालवत असे, नव्या लोकांना कामाला लावत असे, रात्री यंत्रणा बंद पडली तर कोणी काय करायचे याची टिपणे मी लिहीत असे, दोन टीममधली भांडणे मी मिटवत असे. वार्षिक आढाव्यात या सगळ्याचे इतके कौतुक झाले की बढती मिळाल्यातच जमा आहे असे मला वाटले. समितीने विचारले, 'यात तांत्रिक निर्णय कोणता?' आणि उत्तर कोणाकडेच नव्हते. घरातल्या बाईने दिवसभर राबावे आणि संध्याकाळी कोणी 'आज केलंस काय?' असे विचारावे, तसला तो प्रकार होता. मी चार दिवस कोणाशी धड बोलले नाही. ही कामे करू नयेत असे मी म्हणत नाही, टीम त्यांच्यावरच चालते, पण ती एखाद्या मोठ्या तांत्रिक कामाच्या पोटात असली तरच मोजली जातात.

पुढच्या वर्षी जे घडले ते एका बिघाडातून घडले. आमची पैसे देण्याची यंत्रणा एका दुपारी चाळीस मिनिटे बंद पडली. चार टीमनी चार अहवाल लिहिले आणि प्रत्येक अहवालाचा सूर असा होता की आमचे बरोबर होते, वरून किंवा खालून जास्त मागणी आली. मी ते चारही अहवाल एका रविवारी शेजारी शेजारी ठेवून वाचले. यंत्रणेचे चार थर होते आणि खालून उत्तर आले नाही तर एकूण तीनदा प्रयत्न करायचा, असे प्रत्येक थराने स्वतंत्रपणे ठरवलेले होते. प्रत्येकाच्या दृष्टीने तीन हा आकडा अत्यंत समंजस होता. पण वरच्या थराच्या एका मागणीच्या खाली तीन, त्या तिन्हींच्या खाली नऊ, मग सत्तावीस, आणि सर्वांत खालच्या डेटाबेसवर एक्क्याऐंशी. डेटाबेस किंचित मंदावला की आम्हीच त्याच्यावर एक्क्याऐंशी पटीने तुटून पडत होतो. यात कोणा एका टीमची चूक नव्हती, आणि म्हणूनच दोन वर्षे ती कोणाच्या यादीत नव्हती.

मी नऊ पानांचे डिझाइन डॉक्युमेंट लिहिले. पुन्हा प्रयत्न करण्याचा अधिकार एकाच थराकडे ठेवावा, अपयशाचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले की तोही थांबवावा, आणि प्रत्येक व्यवहाराला एक कायमचा क्रमांक द्यावा म्हणजे तीच मागणी दोनदा आली तरी पैसे एकदाच जातील, असा त्याचा गाभा. त्यावर साठेक टिप्पण्या आल्या आणि त्यांतल्या निम्म्या एकाच ज्येष्ठ इंजिनियरच्या होत्या, ज्यांना हा प्रस्ताव म्हणजे आपल्या टीमच्या स्वातंत्र्यावर घाला वाटत होता. लेखी वाद घालत बसण्याऐवजी मी हैदराबादला गेले, त्यांच्यासमोर बसले, आणि त्यांचा एक आक्षेप पूर्णपणे योग्य आहे हे तिथेच मान्य करून तो भाग बदलला. (सोबत शेंगाचटणीचा पुडा नेला होता. त्याचा निर्णयावर किती परिणाम झाला हे डॉक्युमेंटमध्ये नोंदवलेले नाही.) पुढे माझ्या बढतीच्या कागदांत सर्वांत वजनदार अभिप्राय त्यांचाच ठरला. टीमबाहेरच्या आणि एके काळी विरोधात असलेल्या माणसाचा शब्द मॅनेजरच्या दहा ओळींपेक्षा जास्त मोजला जातो.

हे सगळे पुरे व्हायला चौदा महिने लागले. त्या काळात माझ्या हातून लिहिलेला कोड आधीच्या वर्षाच्या एक तृतीयांशही नसेल आणि सुरुवातीचे काही महिने मला आपण कामचोर झालो आहोत असे वाटत होते. तुमच्या सहकाऱ्याने तुमच्या निम्मा कोड लिहिला, हे वाक्य म्हणून पुन्हा एकदा वाचा. कदाचित तुम्ही त्याची तक्रार म्हणून लिहिलेली गोष्ट हेच त्याच्या बढतीचे स्पष्टीकरण असेल.

आता अंतराविषयी. अंतर आड येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांची सकाळी नऊची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला येते, आणि खरा निर्णय बैठक संपल्यावर त्यांच्या कॉफीच्या रांगेत होतो. त्यावर मला उपयोगी पडलेल्या गोष्टी दोनच. दर सहा आठवड्यांनी मी दोन दिवस हैदराबादला जात असे. महामार्ग 65 ने रात्रीच्या बसने गेले की सकाळी ऑफिसात हजर राहता येते. हे दोन दिवस मी लॅपटॉप जवळजवळ उघडत नसे, फक्त माणसांना भेटत असे. आणि निर्णय तोंडी न होता लेखी व्हावेत यासाठी टीमची सवय बदलायला लावली : प्रस्ताव दोन दिवस आधी लिहून ठेवायचा, हरकती त्यातच नोंदवायच्या, बैठक उरलेल्या मतभेदांपुरती. यात माझा स्वार्थ होता, पण फायदा सगळ्यांचा झाला. तुमच्या घरची परिस्थिती पाहता डायलिसिसच्या दिवसांमधून दोन रात्री बाहेर राहणे जमेलच असे नाही, ते मी समजू शकते. तसे असेल तर लेखी निर्णयांचा मार्ग तुमच्यासाठी अधिकच महत्त्वाचा.

बाळी वेस यांचे उत्तर :

वरील दोन्ही उत्तरे वाचून असे वाटते की डोळसपणे काम केले की बढती चालत येते. माझा अनुभव तसा नाही. मोठी समस्या हाती लागावी लागते, आणि ती कोणाच्या हाती द्यायची हे मॅनेजर आधीच ठरवून ठेवतो. शिवाय त्या वर्षी वरच्या जागांसाठी पैसे किती आहेत यावर निम्मे ठरते. ज्याची देखभाल चालू आहे पण ज्यात नवीन काही होणार नाही अशा उत्पादनावर तुम्ही असाल, तर कितीही डोके चालवा, स्टाफच्या मापाची समस्या तिथे नसतेच. अशा टीममध्ये मी तीन वर्षे घालवली. हे आधी ओळखावे आणि वेळेवर टीम बदलावी, असे माझे मत आहे.

विजापूर वेस यांचे उत्तर :

आपले म्हणणे मला बव्हंशी मान्य आहे, आणि समितीवर बसताना काही चांगली माणसे केवळ टीमच्या मापामुळे अडलेली मी पाहिली आहेत. फक्त एक जोड देतो. अशोक चौक यांना ती समस्या कोणी दिलेली नव्हती. ती चार अहवालांच्या मधल्या फटीत पडलेली होती. मॅनेजर वाटतो ती कामे एकेका टीमच्या हद्दीतली असतात, फटीतल्या कामांचा कोणी धनी नसतो. टीम बदलण्याआधी फटी पाहून घ्याव्यात.

सात रस्ता यांचे उत्तर :

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी या शर्यतीतून ठरवून बाहेर पडलो.

दोन वर्षांत कंपनीने तीनदा फेररचना केली आणि मला तीन मॅनेजर मिळाले. प्रत्येकाने पहिल्या भेटीत 'तुमच्या बढतीकडे मी लक्ष देईन' असे सांगितले, आणि प्रत्येकाला माझे काम समजेपर्यंत तो दुसरीकडे गेला. तिसऱ्या मॅनेजरने माझी कागदपत्रे लिहायला घेतली तेव्हा दीड वर्षापूर्वीच्या एका निर्णयाचे श्रेय माझे होते हे सिद्ध करायला माझ्याजवळ एक ओळही नव्हती. तेव्हापासून मी दर शुक्रवारी पाच ओळी लिहून ठेवतो : काय ठरवले, कोणते पर्याय सोडले, कोणी विरोध केला, पुढे काय झाले. बढती हवी असो वा नसो, ही वही ठेवाच. मॅनेजर बदलला तरी वही बदलत नाही.

कंपनी बदलण्याबद्दल : बाहेर मुलाखत देऊन थेट स्टाफ पदावर जाता येते, पण अशा मुलाखतींत डिझाइनच्या फेरीइतकेच वजन 'टीमबाहेर तुम्ही काय घडवले' या प्रश्नाला असते. तो प्रसंग सांगायला नसेल तर पुष्कळदा एक पायरी खाली, म्हणजे सिनियर म्हणूनच प्रस्ताव येतो. म्हणजे इथे जे कमी पडते तेच तिथेही मागतात.

माझे वडील अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते. पाळी संपल्यावर मालक विणकरांचे कापड मोजायचा, पण वडिलांना विचारायचा ते इतकेच की आज किती माग बंद राहिले आणि का. स्वतः एक वारही न विणता त्यांचा दिवस चांगला किंवा वाईट ठरायचा. त्यांना ते मानवले. मला मानवत नाही. मला दिवसभर कोड लिहायला आवडते, रात्री साडेदहाला कोणाचे मन वळवत बसायला आवडत नाही. आणि सिनियरच्या पगारात सोलापुरात घर बांधून मुलांची शिक्षणे होतात. तुम्हाला ते पद हवे आहे की दोनदा नाकारले गेल्याची बोच घालवायची आहे, एवढे एकदा स्वतःला विचारून घ्या. बोच असेल तर ती स्टाफ झाल्यावरही जात नाही, असे त्या पदावर गेलेले मित्र सांगतात.

जुळे सोलापूर यांचे प्रत्युत्तर :

सर्वांचे मनापासून आभार. सात रस्ता यांच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. बोच आहे, हे कबूल करतो, पण ते काम करून पाहावे अशी इच्छाही आहे, आणि अशोक चौक यांचा एक्क्याऐंशीचा हिशेब वाचताना ती जास्त जाणवली.

विजापूर वेस यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसलो आणि लिहिता लिहिताच थबकलो. 900 मिलिसेकंद लागत होते ते असे : एक यादी मागवली की आमची सेवा आधी यादी आणत असे आणि मग यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी मारत असे. पन्नास नोंदी असल्या की एक्कावन्न फेऱ्या. मी त्या दोन फेऱ्यांत बसवल्या. हा दोष आमच्या टीमने केलेलाच नव्हता. तो सगळ्या टीम वापरतात त्या सामायिक लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) मूळ नमुन्यातून आला होता, आणि नवी सेवा सुरू करणारा प्रत्येक जण तो नमुना तसाच उचलतो. म्हणजे तो इतर टीमच्या सेवांतही असणारच. हे मला तेव्हाच कळले होते. मी सामायिक चॅटवर दोन ओळींचा संदेश टाकला, दोघांनी अंगठा दाखवला, आणि मी माझ्या पुढच्या कामाला लागलो. लायब्ररीच्या टीमशी बोललो नाही, किती सेवांना याचा फटका बसतो ते मोजले नाही, नमुना बदलावा असा प्रस्ताव लिहिला नाही. ते माझे काम आहे असे मला वाटलेच नाही.

यंदा नाव पुढे पाठवू नये असे मॅनेजरना सांगावे, असे मनात आहे. ते योग्य होईल का?

विजापूर वेस यांचे उत्तर :

होय, योग्य होईल. तिसऱ्यांदा त्याच कागदांवर परत आलेले नाव चौथ्यांदा वाचताना लोक आधीच मान हलवू लागतात. मॅनेजरना मात्र 'नको' एवढेच सांगून थांबू नका. त्यांना विचारा की हा नमुना बदलण्याचे काम मी अंगावर घेतले आणि ते तडीस गेले, तर ते पुढच्या पातळीचे काम धरले जाईल का, आणि नसेल तर कोणते धरले जाईल. उत्तर चांगले आले तर त्यांच्या वरच्या मॅनेजरशीही तेच बोला, कारण समितीत तुमच्या बाजूने दुसरा आवाज त्यांचाच असेल. पहिले तीन आठवडे फक्त मोजण्यात घाला : किती सेवा, रोज किती जास्तीच्या फेऱ्या, त्यांचा खर्च किती. लायब्ररीच्या टीमला 'तुमचे चुकले' असे न म्हणता ती मोजणी पुढे ठेवा.

आणि चॅटवरचा तो दोन ओळींचा संदेश आजच शोधून काढा. अंगठा दाखवणारे ते दोघे कोणत्या टीमचे होते ते पाहा. पहिला फोन त्यांनाच करा.